भूपट्टांपासून नागरीकरणापर्यंत सगळं पाठ आहे, पण समजलेलं नाही. मुलीला कसं समजावू?

नववीची_आई

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. भूगोलात तिला गुण बरे पडतात, म्हणून मी आजवर त्या विषयाकडे फारसं पाहिलं नव्हतं. गेल्या आठवड्यात उजळणी घ्यायला बसले. "भूपट्ट म्हणजे काय?" विचारलं, तर तिनं एका दमात व्याख्या म्हणून दाखवली. मग मी विचारलं, "ते सरकतात कशामुळे?" ती म्हणाली, "खाली सगळा लाव्हा आहे, त्यावर तरंगतात." मी म्हटलं, "मग तो लाव्हा जमिनीतून सगळीकडे वर का येत नाही?" ती गप्प झाली. मीही गप्प झाले, कारण माझ्या डोक्यात लहानपणापासून तेच चित्र आहे.

पुढे नागरीकरणाचा धडा आला. नागरीकरण आणि शहरांची वाढ यांत फरक काय, असं विचारल्यावर ती म्हणाली, "एकच असतं गं." मला तरी कुठे माहीत होतं!

शेवटी तिनंच मला एक प्रश्न विचारला, आणि तो माझ्या डोक्यातून जात नाही. "आई, हे सगळं एका विषयात कसं काय आहे? पुस्तकाच्या अर्ध्या भागात डोंगर आणि भूकंप, उरलेल्या अर्ध्या भागात लोकसंख्या आणि शहरं. दोन वेगळी पुस्तकं एकत्र शिवल्यासारखं वाटतं."

कुणी नीट उलगडून सांगेल का? परीक्षेपुरतं नको. तिला खरंच कळावं असं वाटतं.

जुनी_भूगोलशिक्षिका

ताई, तुमच्या मुलीचा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. त्याच्याकडे सावकाश येते. आधी तो लाव्हा बाजूला काढू.

मी सव्वीस वर्षं माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा फळ्यावर हेच चित्र काढायचे: खाली लाल खडूनं रंगवलेला रसरशीत समुद्र आणि त्यावर तराफ्यासारखे भूपट्ट. मग एका वर्षी भूकंपलहरींचा धडा संपवून मी भूपट्टांकडे वळले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. "बाई, दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत असं तुम्ही काल सांगितलंत. मग त्या प्रावरणातून, म्हणजे भूकवचाखालच्या जाड थरातून, कशा जातात?" मी खडू हातात धरून उभी राहिले. "उद्या सांगते" म्हणाले आणि त्या रात्री वाचत बसले. मुलाचं बरोबर होतं. प्रावरण द्रव नाही. दुय्यम लहरी अडतात त्या साधारण २,९०० किमी खोलीवर, बाह्यगाभा लागतो तिथे. त्याच्या वरचं सगळं प्रावरण म्हणजे खडक आहे. तापलेला, पण घन.

घन खडक वाहतो कसा, हा पुढचा प्रश्न येईल. तिला हिमनदी आठवायला सांगा. हातोडी मारली तर बर्फ फुटतो, आणि तोच बर्फ स्वतःच्या वजनानं डोंगरउतारावरून हळूहळू वाहत खाली येतो. वेळ भरपूर असेल आणि ताण सतत असेल तर घन पदार्थही वाहतो. भूपट्ट म्हणजे शिलावरणाचे, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचे तुकडे, सर्वसाधारणपणे १०० किमी जाडीचे. त्यांच्याखाली दुर्बलावरण असतं. तिथला खडक वितळणबिंदूच्या जवळ तापलेला असतो, त्याचा अगदी थोडा अंश वितळलेला असतो आणि बाकीचा मऊ पण घन असतो.

मग लाव्हा येतो कुठून? तो मोजक्या जागी तयार होतो. जिथे भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तिथे खालचा तप्त खडक वर चढतो, त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि तो वितळू लागतो. जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तिथे खाली गेलेल्या भूपट्टातलं पाणी सुटून वरच्या खडकात शिरतं, आणि पाण्यामुळे खडक कमी तापमानाला वितळतो. हवाईसारखी ठिकाणं तिसऱ्या प्रकारची. तिथे भूपट्टाच्या मधोमध, खालून तप्त खडकाचा झोत वर येतो. म्हणूनच जगाच्या नकाशावर बहुतेक ज्वालामुखी विखुरलेले दिसत नाहीत, माळेसारखे रेषेत दिसतात. तुम्ही मुलीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ही रेषाच आहे.

आता ते सरकतात कशामुळे? पुस्तकातल्या चित्रात प्रावरणातले अभिसरण प्रवाह पट्ट्यासारखे फिरतात आणि वरचे भूपट्ट वाहून नेतात. ते अर्धं चित्र आहे. बाकीचं अर्धं घरी करून पाहता येतं. एक टॉवेल भिजवून पिळून घ्या, गुळगुळीत टेबलावर पसरा आणि त्याची एक कड टेबलाबाहेर लोंबू द्या. लोंबता भाग थोडा थोडा वाढवत जा. एका क्षणी टॉवेल आपोआप सरकायला लागतो. मागून कुणी ढकललेलं नसतं, लोंबता भागच उरलेल्याला ओढत नेतो. सागरी भूपट्टाचं असंच होतं. मध्य महासागरीय रांगेपाशी, म्हणजे समुद्रतळावर भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तिथल्या डोंगररांगेपाशी, तो नवा, गरम आणि हलका असतो. दूर जाता जाता थंड होतो, जाड होतो, जड होतो. कोट्यवधी वर्षांनी तो खालच्या खडकापेक्षाही जड झाला की सागरी गर्तेत वाकून खाली बुडू लागतो आणि मागचा सगळा भूपट्ट ओढतो. पॅसिफिक आणि नाझ्का या भूपट्टांच्या लांबच लांब कडा अशा बुडत आहेत, म्हणून ते वेगवान. आफ्रिकन भूपट्टाला अशी लोंबती कड जवळजवळ नाहीच, म्हणून तो संथ.

वेग हा शब्द आलाच आहे, तर माझा सगळ्यात आवडता गृहपाठ सांगते. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकमेकांपासून वर्षाला ३ सेंमीच्या आसपास दूर जात आहेत. नखं वाढतात साधारण त्याच गतीनं. आता ३ सेंमी गुणिले १० कोटी वर्षं करायला सांगा. उत्तर किलोमीटरमध्ये आणायचं: ३,००० किमी. मग अ‍ॅटलास उघडून ब्राझीलच्या पूर्वेकडच्या टोकापासून पश्चिम आफ्रिकेपर्यंतचं अंतर नकाशा प्रमाणानं मोजायचं. उत्तर त्याच घरात येतं. हा गुणाकार स्वतःच्या हातानं केलेलं मूल 'खंडवहन' हा शब्द पुन्हा विसरत नाही, हे मी अनेक वर्गांत पाहिलं आहे.

इतिहासही जरूर सांगा. आल्फ्रेड वेगेनर हवामानशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९१२ मध्ये खंडवहनाची कल्पना मांडली. मेसोसॉरस या उथळ पाण्यात राहणाऱ्या छोट्या प्राण्याचे जीवाश्म ब्राझीलमध्येही सापडतात आणि दक्षिण आफ्रिकेतही. तो अख्खा महासागर पोहून गेला नसणार. पुरावा भक्कम होता, पण खंडं हलवणारं बळ कोणतं हे त्यांना पटेल असं सांगता आलं नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत त्यांचा मृत्यू झाला, तेव्हाही बहुतेक भूशास्त्रज्ञ त्यांच्या विरोधात होते. गाडं पुढे सरकलं ते समुद्रतळाचे नकाशे झाल्यावर. मेरी थार्प या नकाशाकार बाईंनी १९५० च्या दशकात अटलांटिकच्या तळाचे खोलीचे आकडे कागदावर उतरवले आणि त्यांना पाण्याखालच्या पर्वतरांगेच्या मधोमध एक दरी दिसली. बाई म्हणून त्यांना त्या काळात संशोधन जहाजावर प्रवेश नव्हता. त्यांचं म्हणणं सुरुवातीला सहकाऱ्यानंही उडवून लावलं. मग भूकंपांची अपिकेंद्रं, म्हणजे भूकंप जिथे होतो त्याच्या बरोबर वरच्या पृष्ठावरच्या जागा, त्याच प्रमाणाच्या नकाशावर मांडली, तेव्हा ती नेमकी त्या दरीत पडत होती. जमीन तिथे फाटत होती. वर्गात मुलींचे डोळे या गोष्टीला चमकतात, आणि ती पुस्तकात चार ओळींचीही नसते याचं मला फार वाईट वाटतं.

आता मुलीचा मोठा प्रश्न. त्याला मी एका शहरातून उत्तर द्यायचे: मेक्सिको सिटी.

पॅसिफिक किनाऱ्यापासून सुरुवात करा. तिथे कोकोस नावाचा सागरी भूपट्ट उत्तर अमेरिकन भूपट्टाखाली जातो. वर सांगितलं तसं, खाली गेलेल्या भूपट्टातलं पाणी वरच्या खडकात शिरतं आणि देशाच्या आतल्या भागात पूर्व-पश्चिम पसरलेली ज्वालामुखींची रांग उभी राहते. या ज्वालामुखींनी एका मोठ्या खोऱ्याची वाट अडवली. पावसाचं पाणी बाहेर पडायला नदीच उरली नाही, म्हणून खोऱ्याच्या तळाशी सरोवरं साचली. सरोवरांच्या तळाशी ज्वालामुखींची राख झिजून आणि कुजून मऊ चिखलमाती बसली. त्या सरोवरातल्या एका बेटावर अ‍ॅझ्टेक लोकांनी १३२५ च्या सुमारास आपली राजधानी वसवली. चारी बाजूंना पाणी म्हणजे संरक्षण, पाण्यातून होड्या, आणि सुपीक गाळावर शेती. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी ती जिंकली आणि पुढच्या शतकांत सरोवरं उपसत गेले. आजचं शहर त्या कोरड्या तळावर पसरलेलं आहे.

१९ सप्टेंबर १९८५. किनाऱ्याजवळ ८.० महत्तेचा भूकंप झाला. शहर अपिकेंद्रापासून साडेतीनशे किमीहून लांब. एवढ्या अंतरावर धक्का ओसरायला हवा होता. पण हजारो माणसं मेली, आणि बहुतांश विध्वंस जुन्या सरोवराच्या तळावर झाला. त्याच शहरात टेकड्यांच्या कडेला, खडकावर असलेल्या वस्त्यांना त्या मानानं फार कमी बसलं.

हे समजावायला प्लास्टिकची पट्टी घ्या. टेबलाच्या कडेवर दाबून धरा आणि पुढचं टोक टिचकीनं हलवा. बाहेर थोडीच पट्टी असेल तर ती भरभर थरथरते. लांब असेल तर सावकाश झुलते. प्रत्येक इमारतीचीही अशी झुलण्याची स्वतःची लय असते: ठेंगणीची जलद, उंचीची संथ. सरोवराच्या चिखलमातीचीही लय असते, आणि शहराच्या मोठ्या भागात ती सुमारे दोन सेकंदांची होती. भूकंपलहरी आल्यावर तो चिखल दोन-दोन सेकंदांनी झुलू लागला. साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींची लय त्याच्या जवळ जाणारी, म्हणून प्रत्येक झोक्याला त्या आणखी हलत गेल्या आणि कोसळल्या. झोपाळ्याला वेळेवर दिलेला हलका धक्का जसा झोका वाढवत नेतो, तसं. बुटकी जुनी घरं बऱ्याच प्रमाणात टिकली, आणि १९५६ मध्ये पुरा झालेला चव्वेचाळीस मजल्यांचा टॉवरही उभा राहिला.

बघा, भूपट्ट, ज्वालामुखी, बंद खोरं, सरोवर, गाळ, राजधानी, उंच इमारती, मृत्यू. यातला एक मणी काढला तर पुढचा सुटतो. तुमच्या मुलीला शिवण दिसली ती पुस्तकाची. जमिनीवर ती शिवण नाही.

पायाखोदणारा

बाईंनी फार सुरेख मांडलं. मी मृदा परीक्षणाचं काम करतो, इमारतींच्या पायासाठी जमिनीत भोकं पाडून नमुने काढतो. त्यामुळे माझ्या बाजूनं एक जोड देतो, कारण मेक्सिको सिटीची गोष्ट १९८५ ला थांबत नाही.

शहर वाढलं तसं पाणी लागलं, आणि ते पायाखालून उपसलं गेलं. वाळूतून पाणी काढलं तर वाळूचे कण एकमेकांना टेकून उभे राहतात, फारसं दबत नाही. चिकणमातीचं तसं नाही. तिचे कण पत्त्यांसारखे चपटे असतात आणि मधल्या फटीत पाणी धरून असतात. त्या सरोवरातल्या मातीत तर घन मातीपेक्षा पाण्याचं वजन कितीतरी जास्त असतं. मी ज्या चिकणमातीचे नमुने हाताळतो ते ओले असताना साबणासारखे कापले जातात. तेच सुकले की आक्रसून नळीपासून सुटतात. पुन्हा पाण्यात ठेवले तरी मूळ आकाराला येत नाहीत. खाली भूजल उतरलं की जमिनीचं तेच होतं: पत्ते एकमेकांवर बसतात, जमीन खचते, आणि पुढे पाऊस कितीही पडला तरी ती वर येत नाही. विसाव्या शतकात शहराचा मध्यभाग काही मीटर खाली गेला. आजही काही भाग वर्षाला ४० सेंमीच्या आसपास खचतात.

मुलीला दाखवायला उत्तम खूण म्हणजे तिथला स्वातंत्र्यस्तंभ, डोक्यावर सोनेरी देवदूत असलेला. १९१० मध्ये तो खोल खुंटांवर उभारला, म्हणून तो जागचा हलला नाही. भोवतालचा रस्ता मात्र खचत गेला. चौथऱ्यापर्यंत पोचायला खालच्या बाजूनं चौदा पायऱ्या नव्यानं जोडाव्या लागल्या. इंटरनेटवर फोटो शोधा आणि तिला पायऱ्या मोजायला सांगा. प्रत्येक पायरी म्हणजे शहरानं प्यायलेलं पाणी.

सांडपाण्याचंही तेच. खोरं बंद, म्हणून पाणी बाहेर काढायला १९०० मध्ये मोठा कालवा केला. तो उतारानं वाहायचा. जमीन असमान खचल्यामुळे उतारच गेला आणि पाणी पंपांनी ढकलावं लागलं. पुस्तकात 'उतार' हा शब्द नदीच्या धड्यात येतो आणि तिथेच संपतो. इथे तो शहराच्या धड्यात आला आहे.

नगररचना_शिकतेय

नागरीकरणाबद्दल मी लिहिते, कारण या दोन शब्दांचा गोंधळ माझाही पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत होता.

कागदावर एक देश काढा. लोक फक्त १००. शहरात ३०, खेड्यांत ७०. वीस वर्षांनी सगळीकडचे लोक दुप्पट झाले: शहरात ६०, खेड्यांत १४०. शहर दुप्पट मोठं झालं, म्हणजे शहराची वाढ दणदणीत. पण २०० पैकी ६० म्हणजे पुन्हा ३० टक्केच. नागरीकरण शून्य.

आता दुसरा देश. इथेही शहरात ३०, खेड्यांत ७०. शहरात एकही माणूस वाढला नाही, पण खेड्यातले ४० जण परदेशी गेले. उरले ३० आणि ३०. नागरीकरण ३० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर. शहराची वाढ शून्य.

शहराची वाढ म्हणजे किती डोकी, आणि नागरीकरण म्हणजे एकूण डोक्यांतला वाटा. मला हे एका बाईंनी बरोबर अशाच दोन ओळी खरडून सांगितलं होतं आणि मी थक्क होऊन बघत राहिले होते. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा बरोबरच होतात, म्हणून फरक झाकला जातो.

दुसरा गैरसमज असा की शहर म्हणजे फक्त स्थलांतरानं फुगलेलं. शहर तीन वाटांनी वाढतं. बाहेरून लोक येतात, शहरातल्या शहरात जन्म मृत्यूंपेक्षा जास्त होतात, आणि शहराची हद्द सरकून किंवा खेड्याचं रूप बदलून कालचं खेडं आज शहरात मोजलं जातं. अनेक विकसनशील देशांत निम्म्याहून जास्त वाढ जन्मांमुळे झालेली आहे. यात एक गुंताही आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो: येणारे बहुतेक तरुण असतात, त्यांची मुलं शहरात जन्मतात, आणि ती मोजली जातात नैसर्गिक वाढीत.

मेक्सिको सिटीचंच घ्या. महानगराची लोकसंख्या १९५० मध्ये साधारण ३४ लाख, १९८० मध्ये १ कोटी ३० लाखांच्या घरात, २०१८ मध्ये सव्वादोन कोटींच्या थोडी आत. हे आकडे आलेखावर मांडले तर वेगाचा भर आधीच्या तीस वर्षांत दिसतो, नंतर चढण सौम्य होते. त्या वेगाच्या काळात आलेल्यांना स्वस्त जागा कुठे मिळाली? पूर्वेला, कोरड्या पडलेल्या सरोवराच्या तळावर. नेसावालकोयोटल ही तिथली वस्ती. सुरुवातीला नळ नाही, गटार नाही, उन्हाळ्यात खारट धुळीची वादळं आणि पावसात चिखल. लोकांनी एकेक खोली बांधत ती उभी केली. १९६३ मध्ये तिला स्वतंत्र नगरपालिका मिळाली आणि आज तिथे दहा लाखांहून जास्त लोक राहतात. पायाखोदणाऱ्या दादांनी सांगितलेली माती त्यांच्याच पायाखाली आहे. कुणाच्या वाट्याला कोणती जमीन येते, हाही भूगोलच.

बर्जेस यांचं शहराच्या रचनेचं १९२५ चं वर्तुळाकार प्रतिमान पुस्तकात असेल तर ते शिकागो पाहून तयार झालं होतं हे मुलीला आवर्जून सांगा. त्यात मध्याजवळ गरीब आणि कडेला सधन. मेक्सिको सिटीच्या पूर्वेला बरोबर उलट दिसतं. प्रतिमान चुकलं असं नाही, ते त्या शहराचं, त्या काळाचं आहे.

आणि जगाचे आकडे: संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालानुसार १९५० मध्ये जगातले ३० टक्के लोक शहरी होते, २०१८ मध्ये ५५ टक्के. पण 'शहर' कशाला म्हणायचं हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. डेन्मार्कमध्ये २०० लोकांची सलग वस्तीही शहरी धरतात. भारताच्या जनगणनेत नगरपालिका वगैरे नसलेल्या गावाला शहर धरायला किमान ५,००० लोक लागतात, शिवाय घनता आणि बिगरशेती कामाची अट असते. दोन देशांची टक्केवारी शेजारी ठेवताना हे लक्षात असू द्या.

बारावी_कला

मला सगळं आवडलं, पण एक सांगतो. परीक्षेत दोन गुणांना व्याख्याच मागतात. मी दहावीत असं कारण-कारण करत बसलो आणि व्याख्येत 'शिलावरण' शब्द राहिला, तर एक गुण गेला. व्याख्या पाठ करू नको असं कुणी तिला सांगू नका.

जुनी_भूगोलशिक्षिका

बारावी, तुझं बरोबर आहे आणि मी ते लिहायला हवं होतं. व्याख्या पाठ हवीच. फक्त ती शेवटी पाठ करायची. टॉवेल सरकवला, गुणाकार केला, पट्टी हलवली, की मग व्याख्येतला प्रत्येक शब्द कशासाठी आहे ते कळतं आणि एकही गळत नाही. 'शिलावरण' तुझ्याकडून राहिला, कारण तो नुसत्या 'कवचा'पेक्षा वेगळा आहे हे तुला कुणी दाखवलं नसेल: भूकवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा कठीण भाग मिळून शिलावरण होतं. भूपट्ट म्हणजे त्या दोघांचा मिळून तुकडा.

नववीची_आई

चार दिवसांनी लिहिते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

टॉवेल पहिल्या वेळी सरकला नाही, टेबलावर कापडी आच्छादन होतं. ते काढल्यावर सरकला, आणि मुलगी म्हणाली, "म्हणजे खालचा थर मऊ नसता तर भूपट्ट ओढूनही हलले नसते." हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. अटलांटिकचा गुणाकार तिनं दोनदा केला, शून्यं मोजण्यात चुकली होती. स्तंभाच्या पायऱ्या फोटोत मोजल्या.

मग तिनं स्वतःहून दुसरं शहर निवडलं: जकार्ता. तिनं लिहिलेलं जसंच्या तसं देते: "जकार्ता जावा बेटावर आहे. ऑस्ट्रेलियन भूपट्ट दक्षिणेकडून खाली जातो, म्हणून जावावर ज्वालामुखी आहेत. ज्वालामुखींवरून नद्या गाळ आणतात. त्या गाळाच्या मैदानावर शहर आहे. शहर वाढलं, लोकांनी भूजल उपसलं. समुद्राची पातळी वाढल्यामुळे शहर बुडत आहे, म्हणून राजधानी दुसऱ्या बेटावर नेण्याचा कायदा २०२२ मध्ये झाला."

बरोबर आहे का? मला शेवटचं वाक्य कुठेतरी खटकतं, पण का ते सांगता येत नाही.

जुनी_भूगोलशिक्षिका

ताई, तिची साखळी वाचून मला वर्गात उभी असल्यासारखं वाटलं. गर्ता दक्षिणेला आणि शहर उत्तर किनाऱ्यावर, हे तिनं नकाशात पाहूनच लिहिलं असणार.

तुमचं खटकणं योग्य आहे. भूजल उपसलं इथपर्यंत ती आली आणि मग ते सोडून समुद्राकडे गेली. तिला वेग विचारा. जगभरात समुद्राची पातळी सरासरी वर्षाला ३ ते ४ मिमी वाढते आहे. जकार्ताच्या उत्तर भागातली जमीन वर्षाला काही सेंटिमीटर खचत आलेली आहे. समुद्र वर येतोच आहे, आणि ते गंभीरच आहे, पण तिथे जमीन त्याच्या कितीतरी पट वेगानं खाली जाते. वाक्य असं करायला सांगा: 'उपशामुळे जमीन खचते आणि त्याच वेळी समुद्राची पातळीही वाढते, म्हणून शहराच्या सखल भागात पाणी शिरतं.' राजधानी हलवण्यामागे गर्दी आणि वाहतूक कोंडीही आहे, तेही एका वाक्यात यावं.

आणि शेजारी तिला एक आकृती काढू दे. किनाऱ्याची रेषा आखायची, तिच्यावर दोन बाण: एक वर येणाऱ्या पाण्याचा, एक खाली जाणाऱ्या जमिनीचा. वर्षाला ४ मिमी आणि ४ सेंमी असे आकडे धरून, पट्टीनं मोजून, दोन्ही एकाच प्रमाणात.